ह्यातले आपले कोणते?

सव्वीस जानेवारीला सीताबर्डीच्या किल्ल्यावर एक तरुण जवान जमलेल्या लोकांना लढाई समजावून सांगत होता. नकाशा नाही, छडी नाही, सगळं बोटानंच. "ये बडी टेकडी, वो छोटी टेकडी. इधर अंग्रेज, उधर भोसले की फौज." लोक बोटाच्या दिशेनं माना वळवत होते आणि मान वळलीच आहे तर एक फोटोही काढून घेत होते. माझ्या पुढ्यात सहा-सात वर्षांची एक मुलगी होती. गालावर तिरंगा रंगवलेला, एका पायातला मोजा खाली घसरलेला. ती वडिलांची बाही ओढून म्हणाली, "पप्पा, ह्यातले आपले कोणते?" वडील व्हिडिओ काढण्यात गुंतलेले. त्यांनी मोबाईल थोडा खाली घेतला, जवानाकडे पाहिलं, मग पोरीकडे. "आपले? आपले म्हंजे..." आणि तेवढ्यात खालून मेट्रो गेली. "थे पाय, थे पाय, मेट्रो चालली!" पोरगी मेट्रो पाहू लागली. विषय संपला.

तिचा संपला. मी मात्र पायथ्याशी उतरून बर्डीच्या बाजारातल्या मोदी नंबर तीन या गल्लीच्या गर्दीत शिरेपर्यंत मनातल्या मनात त्या बापाच्या वतीनं उत्तर जुळवत होते. आणि ते जुळत नव्हतं.

आम्हा नागपूरकरांना ही टेकडी खालूनच माहीत असते. शाळा उघडायच्या आधी बर्डीवर जोडे घ्यायला गेलं, की दुकानांच्या पाट्यांच्या मागे ती दिसायची: काळा दगड, वर झाडी, झाडीच्या वर आकाशात घारी. तिच्याकडे जायचा रस्ता कुठून, हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच पडला नाही. तिथं मिलिटरी आहे, एवढ्यावर भागायचं. त्याच टेकडीच्या पायथ्याशी, स्टेशनच्या बाजूनं, टेकडीचा गणपती आहे. तिथं मात्र आमचं येणंजाणं अखंड. परीक्षेच्या आधी, निकालाच्या नंतर, नवी गाडी घेतली की हँडलला झेंडूचा हार घालून. मंगळवारी आणि चतुर्थीला ती रांग, नारळ फुटल्याचा ओला वास, प्रसादाचे चिकट हात. आई दर वेळी दर्शन झालं की वर पाहायची आणि पदर सारखा करत म्हणायची, "वर काय असंन ना." त्यात प्रश्न नव्हता, म्हणून कुणी उत्तरही दिलं नाही. देव पायथ्याशी भेटत असल्यावर वर चढायची गरज तरी काय!

किल्ला सामान्य माणसाला उघडतो तो वर्षातून तीन दिवस: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. यातला महाराष्ट्र दिन नागपुरात ज्या उन्हात येतो, ते पाहता त्या दिवशी काळ्या दगडाच्या टेकडीवर चढायला देशप्रेमापेक्षा डोक्याला बांधायचा दुपट्टा जास्त लागतो. ऑगस्टात हिरवं असतं, पण पायाखाली शेवाळ आणि वरून पाऊस. जानेवारीच बरा. सकाळचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, हवेला किंचित धुरकट वास असतो आणि रांगेत उभं राहण्याचा त्रास वाटत नाही. दारावर तपासणी झाली, बॅग उघडून दाखवली, आणि मागचा बर्डीचा आवाज दहा-बारा पावलांत विरला. हॉर्न, फेरीवाल्यांचं "पचास का दो", रिक्षांची घरघर, सगळं असं खाली राहिलं की मी थांबून मागे वळून पाहिलं, बाजार आहे ना जागेवर. चढाच्या दोन्ही बाजूंना झाडी. पांढऱ्या गणवेशातली शाळेची पोरं, तान्ही मुलं कडेवर घेतलेल्या बाया, गुडघ्यांवर हात टेकत चढणारे आजोबा. एका आजोबांनी मला विचारलं, "वर बसाले जागा आहे का वो?" मला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "नसंन तर उभं राहू. एवढे वर्स खालीच उभं होतो."

या टेकडीचा सगळ्यात जुना हिशेब ठेवला तो स्टीफन हिस्लॉप यांनी. नाव आम्हाला कॉलेजमुळे माहीत. पण हा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला आणि धर्मोपदेशाच्या जोडीनं इथले दगड वाचत बसला. आजूबाजूचे खडक, लाव्हाचे थर, त्या थरांमध्ये दबलेले गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहून थंड व्हायचा, त्यावर तळी साचायची, तळ्यांत गोगलगाई वाढायच्या आणि पुन्हा लाव्हा येऊन सगळ्यांना झाकून टाकायचा. हंटर नावाच्या सहकाऱ्याबरोबर हिस्लॉप यांनी या भागाच्या भूगर्भावर लिहिलं, ते लंडनच्या भूगर्भशास्त्राच्या नियतकालिकात १८५५ मध्ये छापून आलं. पुढे १८६३ मध्ये नागपूरजवळच नदी ओलांडताना ते बुडाले. एका खनिजाला त्यांचं नाव आहे, एका कॉलेजला आहे. आम्ही कॉलेजचं नाव घेताना त्याचा "हिसलाप" करून टाकला, ही आमची आपुलकी.

पण पोरीचा प्रश्न गोगलगाईंचा नव्हता.

लढाई झाली ती २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सुरू होऊन २७ च्या दुपारपर्यंत. शाळेत एका ओळीत संपली होती: नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांचा पराभव, इंग्रजांचा विजय. ओळ खरी आहे, पण तिच्यात माणसं कोण होती ते येत नाही. टेकडीवर इंग्रजांच्या बाजूनं तेराशे-चौदाशे सैनिक होते. त्यांतले गोरे म्हणजे अधिकारी आणि मोजके इतर. बाकीचे मद्रासच्या विसाव्या आणि चोविसाव्या रेजिमेंटचे शिपाई, तेलुगू-तमिळ मुलखातून पगारासाठी आलेले, आणि बंगालच्या घोडदळातले स्वार. त्यांच्यावर चालून आले त्यांत सगळ्यात कडवे कोण, तर भोसल्यांच्या पदरी असलेले अरब. तेही पगारीच, समुद्रापलीकडून आलेले. रात्री दोनपर्यंत बंदुका चालल्या, पहाटे पुन्हा सुरू झाल्या. सकाळी छोट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला आणि त्या गोंधळात अरबांनी ती टेकडी घेतली. तिथून त्यांनी मोठ्या टेकडीवर तोफ वळवली. खाली इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातला त्यांचा वकील, रिचर्ड जेन्किन्स याची कोठी होती. ती जाणार असं दिसत असताना कॅप्टन फिट्झजेराल्ड तीन तुकड्या घेऊन भोसल्यांच्या घोडदळावर तुटून पडला, आणि वरच्यांना धीर आला. मग छोट्या टेकडीवर आणखी एक स्फोट, या वेळी अरबांच्या घोळक्यात. दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूचे ३६७ मेले किंवा जखमी झाले. चौदाशेंत साडेतीनशे म्हणजे दर चौथा माणूस.

आता त्या बापानं काय सांगावं? "आपले" म्हणजे तेलुगू शिपाई की अरब शिबंदी?

आप्पासाहेब आपले, हे म्हणायला सोपं. पण ज्या फौजेशी ते लढले ती आणली कुणी? १८१६ च्या मे महिन्यात तैनाती फौजेचा तह त्यांनीच केला होता. गादीसाठी कंपनीचा हात हवा होता म्हणून. दीड वर्षात तो हात गळ्याशी आला, आणि लढाईच्या दोन दिवस आधी पेशव्यांकडून आलेली सेनापतीपदाची वस्त्रं त्यांनी दरबार भरवून, जेन्किन्सच्या विरोधाला न जुमानता घेतली. मला या माणसाबद्दल राग आणि कणव यांतलं नेमकं काय वाटतं, ते ठरवता येत नाही. १६ डिसेंबरला ते कंपनीच्या स्वाधीन झाले. पुढच्या वर्षी प्रयागकडे नेत असताना पहाऱ्यातून निसटले. मग महादेवाचे डोंगर, असीरगड, पंजाब, आणि शेवटी जोधपूर. तिथं १८४० मध्ये गेले. नागपूर पुन्हा दिसलं नाही. वाळवंटात असताना त्यांना कधी संत्र्याचा मोसम आठवला असेल का, असं माझ्या मनात येऊन गेलं. लगेच लक्षात आलं की त्यांच्या काळात संत्री इथं होती की नाही, हेही मला ठाऊक नाही. आपण भूतकाळात आपलंच सामान नेऊन ठेवतो.

मद्रासच्या चोविसाव्या रेजिमेंटची गोष्ट मला त्याहून जास्त लागली. ही पूर्वी पहिली रेजिमेंट होती. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांनी बंड केलं, त्यात या पलटणीचा भाग होता. शिक्षा म्हणून तिचा जुना क्रमांक काढून घेतला. अकरा वर्षांनी सीताबर्डीवर एवढी माणसं गमावल्यावर या शिपायांनी बक्षीस काय मागितलं? आमचा जुना नंबर परत द्या. दिला. म्हणजे इंग्रजांविरुद्ध बंड करून गेलेली इज्जत त्यांनी इंग्रजांसाठी आमच्या गावात लढून परत मिळवली. त्या मुलीला हे कसं सांगायचं? वेल्लोरला ते आपले होते आणि सीताबर्डीला नव्हते, असं?

किल्ल्यावर थडगी आहेत. इंग्रजांची आहेत तिथं लोक सावलीला म्हणून थांबत होते. नवगजा बाबांच्या मजारीपाशी मात्र चपला काढून, डोकं झाकून. १८५७ मध्ये टिपू सुलतानाच्या वंशातला नवाब कादर अली आणि त्याचे आठ साथीदार इथं तटावर फासावर गेले, त्यांची ही जागा, असं सांगतात. माझ्या शेजारच्या बाईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात उदबत्ती. त्यांनी मजारीला हात लावून तो डोळ्यांना लावला, मग छातीला, आणि पोराला म्हणाल्या, "पाया पड." टिपू कोण, कादर अली कोण, त्यांना काही घेणं नव्हतं. इथं कुणीतरी मेलं, आणि मेलं ते चांगल्यासाठी, एवढं त्यांना पुरत होतं. त्यांचा "आपले"चा हिशेब माझ्यापेक्षा फार सरळ होता.

गांधीजींना १९२३ मध्ये इथं कैदेत ठेवलं होतं, असं सांगून एक कोठडीही दाखवतात. लोक आत डोकावतात, हळहळतात. मला आत डोकावताना अवघडल्यासारखं झालं, कारण १९२३ मध्ये गांधीजी येरवड्यात शिक्षा भोगत होते. १९२२ च्या मार्चमध्ये पकडले गेले, ते अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर १९२४ च्या फेब्रुवारीत सुटले. त्या साली नागपूर गाजलं ते झेंडा सत्याग्रहानं. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेली मिरवणूक पोलीस अडवत, रोज नवी तुकडी अटक करून घ्यायला येई, जमनालाल बजाज पकडले गेले आणि मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रं घेतली. देशभरातून लोक नागपुरात तुरुंगात जायला आले होते. एवढी मोठी गोष्ट पायथ्याशी घडली असताना आपण वरच्या कोठडीत गांधीजींना का शोधतो, कळत नाही. एखादं ठिकाण पवित्र व्हायला मोठं नाव लागतंच, असा आपला एक समज आहे. अटक व्हायला गाडीभाडं खर्चून आलेली हजारो बिननावाची माणसं त्याला पुरत नाहीत.

तटाच्या कडेला गेलं की पहिल्यांदा प्रत्येक जण आपलं घर शोधतो. मीही शोधलं. माझं सासर-माहेर दोन्ही दिसत नाही, मधे इमारती आल्या. स्टेशनचे पत्रे, रुळांची गुंतवळ, कस्तुरचंद पार्कची छत्री, विधानभवन, झिरो माइलच्या स्तंभाजवळचे चार घोडे कुठंतरी झाडांत. बर्डीच्या गच्च्यांवर पाण्याच्या काळ्या टाक्याच टाक्या, आणि त्या सगळ्यांतून वाट काढत जाणारी मेट्रो. पूर्वेला महाल आणि इतवारी. माझ्या आजोबांचं घर तिकडं. ते एम्प्रेस मिलमध्ये होते. मिल १८७७ ची, टाटांची. आजोबांच्या आधीचे सगळे घरीच माग चालवायचे. १८१७ च्या त्या रात्री आमचं घराणं काय करत असेल? लढत नक्कीच नसेल. दार लावून, दिवा मालवून, मागावरचं अर्धं पातळ तसंच ठेवून तोफांचे आवाज मोजत असेल. सकाळी बायकांनी पाणी भरायला जावं की नाही यावर वाद झाला असेल. आणि आठवडाभरानं नव्या धन्याच्या माणसांना पागोटी विकली असतील, पैसे बुडणार नाहीत एवढी काळजी घेऊन. हे सगळं माझं रचलेलं आहे. पण टेकडीवर उभं राहून "आपले कोणते" असं विचारलं, तर माझं बोट छोट्या टेकडीकडेही जात नाही आणि मोठ्याकडेही. ते इतवारीकडे जातं.

किल्ल्याच्या तोफा शत्रूच्या मुलखाकडे रोखायच्या असतात. लढाईनंतर इंग्रजांनी ही टेकडी मजबूत केली ती शहरावर नजर ठेवायला. हे वर उभं राहिल्याशिवाय अंगाला कळत नाही. इथून सगळं टप्प्यात आहे. डिसेंबरात अधिवेशन असलं की मोर्चे याच पायथ्याशी येतात आणि अडवले जातात, मॉरिस कॉलेजचा टी पॉइंट, झिरो माइल, पोलिसांचे कठडे. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा असाच आला होता. लाठी चालली, पळापळ झाली आणि ११४ माणसं चेंगरून मेली. त्यांत बाया आणि लेकरं किती तरी. तेव्हाचं मला आठवतं ते घरातलं: वडील रात्री उशिरा आले, जेवले नाहीत, आणि सगळ्यांना सांगितलं की काही दिवस बर्डीवर जायचं नाही. आता त्यांचं स्मारक आहे, उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीद नाव आहे. पुलावरून जाताना आपण गिअर बदलतो. टेकडीवर कुणी त्या दिवशी पहाऱ्यावर असेलच. त्याला वरून काय दिसलं असेल, याचा विचार मी तिथं फार वेळ करू शकले नाही. ते काही अंतरावरच घडलं होतं, आणि मेलेल्यांतलं कुणीही परकं नव्हतं.

खाली उतरल्यावर ऑटोवाल्यानं विचारलं, "काय हाय वो वर?" मी म्हटलं, झाडं आहेत, थडगी आहेत, शांत आहे. तो म्हणाला, "बरं झालं बंद हाय. उघडं असतं तं आतापर्यंत चाटवाले लागले असते." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं, कारण मलाही तेच वाटत होतं. शहरातली दुसरी टेकडी, सेमिनरी हिल्स, आपल्यासाठी कायम उघडी आहे. लहानपणी बालोद्यानातल्या वनबाला या छोट्या आगगाडीत बसण्यासाठी मी रविवारभर भोकाड पसरलेलं आहे, आणि आजही जपानी गार्डनला सकाळी फिरायला जाते. तिथं झाडाखाली हास्यक्लब आहे, कुणाच्या तरी खिशात मोबाईलवर मोठ्यानं भजन आहे, कुरकुऱ्यांची पाकिटं आहेत, कोपऱ्यात बसलेली जोडपी आहेत आणि त्यांना न्याहाळणारे काका आहेत. मला ती टेकडी आवडते. ती माणसांची आहे. सीताबर्डीची टेकडी घारींची राहिली ती लष्करामुळे, कुलपामुळे. बाजारानं चारी बाजूंनी तिला खेटून घेतलं, पण वर पाय ठेवता आला नाही. हे मान्य करूनही, आपल्याच शहराच्या मधोमध असलेल्या जागेवर आधार कार्ड दाखवून जायचं आणि वेळ संपली की खाली उतरायचं, यात काहीतरी बोचतं. उघडावी की नाही, यावर मी दोन्ही बाजूंनी भांडू शकते आणि घरात भांडलेही आहे.

मागणी करायचीच तर माझी एक लहानशी आहे. कुलूप राहू द्या. पण तटाच्या कडेला, जिथं लोक घरं शोधत उभे राहतात तिथं, मराठीत एक नीट फलक लावा. दोन टेकड्या कुठल्या, कोण कुठून आलं होतं, कुणाच्या पगारावर, आणि किती परत गेले नाहीत. अरबांचं लिहा, मद्रासच्या शिपायांचं लिहा. जिंकले-हरले एवढंच लिहू नका. बापलोकांना जरा मदत होईल.

पंधरा ऑगस्टला भाचीला घेऊन जायचं ठरलंय. ती नऊ वर्षांची आहे आणि प्रश्न विचारण्यात त्या मुलीच्या चार पावलं पुढे. आतापासून तिची एकच चौकशी चालू आहे: वर खायला काही मिळतं का? मिळत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं आहे. खाली उतरल्यावर तर्री पोहे, या बोलीवर ती तयार झाली. पाऊस असला तरी जाणार, असं ती म्हणते. तिच्या आईचं अजून नक्की नाही.